मापाचे लोखंड

साकोली तालुक्यातले एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातले गाव. या पट्ट्यात एमएच 36 पाटीची मोटारसायकल हे शेताचे, बाजाराचे आणि दूध संकलनाचेही वाहन असते. कंपनीतून निघते तेव्हा ती देशभरातल्या लाखो गाड्यांसारखीच असते. गावात वर्षभर राबली की तिच्या मागे युरियाच्या पोत्यासाठी रुंद कॅरिअर येतो, दुधाच्या कॅनसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट लागते, फूटरेस्टला जास्तीचा टेकू मिळतो आणि तुटलेला स्टँड मूळच्यापेक्षा जाड पट्टीचा होऊन परत येतो. मोटारसायकलचे भाग हाताने घडवायला कुठून सुरुवात करावी, हा प्रश्न आजचा तरुण विचारतो तेव्हा त्याला उत्तरे बहुधा परदेशातल्या कार्यशाळांची मिळतात: पाइप वाकवायचे यंत्र, टिग वेल्डिंग, पत्र्याला गोलाई देणारे चाक. ती उत्तरे चुकीची नाहीत. पण त्यांतून असे भासते की हा उद्योग आपल्याकडे काल-परवा आला आणि त्याला इथे काही पूर्वज नाहीत. माझे म्हणणे नेमके उलट आहे. समोरच्या एकाच वस्तूचे माप घेऊन तिच्यापुरते लोखंड घडवणे ही वैनगंगेच्या खोऱ्यातली जुनी कारागिरी आहे. ती कारखान्यांतून जन्माला आलेली नाही, दुरुस्तीतून आली आहे, आणि मोटारसायकलीचे काम शिकणाऱ्याने तिचा इतिहास समजून घेतला तर सुरुवात कुठून करायची हेही त्याला त्यातच सापडते.

पहिला पुरावा बैलगाडीच्या चाकाचा. लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव दुकानात तयार मिळत नसे, मिळून उपयोगही नसे. तुंबा, आरे आणि पाटे सुताराने जोडले की प्रत्येक चाकाचा घेर थोडा वेगळा भरायचा, आणि जुन्या चाकाचे लाकूड झिजून, सुकून आणखी वेगळे झालेले असायचे. लोहार चाकाच्या कडेने घेर मोजून घेई, पट्टी त्या घेरापेक्षा किंचित आखूड कापी, तिची टोके भट्टीत पांढरी होईतो तापवून घणाखाली एकजीव करी आणि मग गोवऱ्यांच्या जाळात सगळी कडी तापवून चाकावर बसवी. वरून पाणी ओतले की धाव आवळत जाई आणि आऱ्यांचे सगळे सांधे एकाच वेळी घट्ट होत. लोखंड तापमानाच्या एका अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात सुमारे 12 भागांनी वाढते. चार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे 24 मिलिमीटरने वाढतो. लोहाराला खेळायला जागा होती ती एवढीच. पट्टी जास्त आखूड कापली तर धाव चढत नाही किंवा चढून आरे मोडते, कमी आखूड कापली तर पहिल्याच उन्हाळ्यात सैल होऊन वाटेत निघून पडते. हा हिशेब कागदावर होत नसे, पण होत नक्की असे, आणि दर चाकाला नव्याने होत असे. ज्याला आज कस्टम फिटिंग म्हणतात त्याची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही.

फाळाचेही तसेच. धानाच्या चिखलात आणि उन्हाळ्यात कडक होणाऱ्या बांधीत फाळाचे टोक झिजते. लोहार नवा फाळ देत नसे. जुन्याच्या टोकाला नवे लोखंड तापवून जोडी, म्हणजे फाळ शेवटून देई, आणि धारेला पाणी देई. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गावच्या लोहाराचे वर्णन नांगरामागे वर्षाचे ठरलेले धान्य घेणारा कारागीर असे येते. या मोबदल्याच्या रीतीत एक गोष्ट दडलेली आहे. धान्य वस्तूला मिळत नव्हते, शेतकऱ्याची अवजारे वर्षभर चालती ठेवण्याला मिळत होते. त्यामुळे नवे घडवणे आणि जुने दुरुस्त करणे यांत लोहाराच्या लेखी फारशी सीमा नव्हती. विळ्याची मूठ ढिली झाली, कुऱ्हाडीला तडा गेला, वखराची पास वाकली, म्हणजे वस्तू कुठे हरते हे त्याला रोज दिसत होते. जी वस्तू कशी मोडते हे ठाऊक आहे, तीच नीट घडवता येते. गावोगाव फिरणारे घिसाडी गाढवांवर भाता आणि ऐरण लादून हेच काम उघड्यावर करीत. त्यांच्याकडे तर कार्यशाळा नावाची जागाही नव्हती. कामाला लागते ती जागा नसून हात आणि मापच, एवढे तरी त्यांच्यावरून सिद्ध होते.

हे लोखंड येई कुठून? शेजारच्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्यासारख्या ठिकाणी उत्तम खनिज होते, आणि बालाघाट-मंडल्याच्या डोंगरांत आगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंड गाळत. व्हेरियर एल्विनने 1942 साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. चांद्याच्या खनिजाची कीर्ती इतकी होती की रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा तिथल्या लोखंडाविषयीचा अहवाल 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलाद कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली ती तिथेच. वरोऱ्याचा कोळसा मात्र त्या कामाला उतरला नाही. पुढे 1904 च्या सुमारास दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भीय नकाशा पाहिला, शोध पूर्वेकडे सरकला, आणि कारखाना शेवटी साकचीला उभा राहिला. विदर्भाच्या वाट्याला पोलाद आले नाही, रेल्वे आली. 1867 मध्ये ती नागपूरला पोहोचली, 1880 च्या दशकात भंडारा रोड, तुमसर रोडवरून छत्तीसगडाकडे गेली. रेल्वेने विलायती पट्टी आणि सळई स्वस्त केली, आणि डोंगरातल्या मातीच्या भट्ट्या विझत गेल्या. गाळणारा संपला. घडवणारा टिकला, कारण त्याची विक्री लोखंडाची नव्हतीच, मापाची होती. उलट कच्चा माल दारात आला म्हणून त्याचे काम सोपेच झाले. नंतरच्या काळात ट्रकचे मोडके कमानपाटे, रुळांचे तुकडे, जुन्या अक्सलचे दांडे हा त्याचा माल झाला. कोणता भंगार तुकडा धार धरतो आणि कोणता नुसता वाकतो, हे तो कानशीच्या चावण्यावरून आणि ठिणगीवरून ओळखी. आजही नवशिक्याने पहिल्यांदा शिकायची विद्या हीच आहे. कमानपाट्याचे पोलाद कर्बाने कडक असते. त्यावर साध्या रॉडने वेल्डिंग केले तर सांध्याशेजारी ते काचेसारखे ठिसूळ होते, आणि असा ब्रॅकेट पहिल्या खड्ड्यात तुटतो.

लोहाराइतकाच, कदाचित जास्तच, हक्काचा पूर्वज या जिल्ह्यात दुसरा आहे, आणि त्याचे नाव या संदर्भात कुणी घेत नाही. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. तिथले कासार-तांबटकार पितळेच्या चकतीतून घागर, गुंड, परात उभी करत. सपाट पत्र्याला पोट आणि गळा आणायचा म्हणजे तो एकीकडे ताणायचा आणि दुसरीकडे आक्रसायचा. ठोकता ठोकता धातू कडक होतो. आणखी ठोकला तर फाटतो. म्हणून मधूनमधून तो मंद लाल होईतो तापवून पुन्हा नरम करायचा, आणि पुढचे ठोके द्यायचे. मोटारसायकलची पेट्रोल टाकी, मडगार्ड, बाजूची झाकणे या सगळ्यांमागे नेमकी हीच क्रिया आहे. आज परदेशात ज्यांची हाताने घडवलेली ॲल्युमिनियमची टाकी मोठ्या किमतीला जाते, ते वाळूच्या पिशवीवर आणि लाकडी मोगरीने तेच करतात: ठोक, तापव, नरम कर, पुन्हा ठोक.

कासाराचे दुसरे देणे डाखेचे. भांड्याचे दोन भाग जोडताना तो पितळेचाच, पण जस्त जास्त असलेला मिश्रधातू वापरी. जस्ताचे प्रमाण वाढले की वितळण्याचे तापमान उतरते, म्हणून भांडे वितळण्याआधी डाख वितळून फटीत शिरे. सांधा स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार लावला जाई. आता सायकलीच्या इतिहासाकडे पाहा. सायकलीची आणि पहिल्या पिढ्यांच्या मोटारसायकलींची चौकट वेल्डिंगची नव्हती. पोलादी नळ्या ओतीव खोबणींत बसवून त्या पितळेच्या डाखेने जोडलेल्या असत. पितळ 900 अंशांच्या आसपास वितळते, नळीचे पोलाद 1500 अंशांच्या जवळपास. त्यामुळे नळी न वितळता सांधा भरतो आणि पातळ नळीचा कस फारसा उतरत नाही. रेडिचमधल्या सुया बनवणाऱ्या कारखान्यातून वाढलेल्या रॉयल एनफिल्डने 1901 साली आपली पहिली मोटारसायकल काढली, त्या काळात इंग्लंडमधल्या चौकटी जोडणारी विद्या आणि भंडाऱ्याच्या कासाराची डाख ही रसायनाच्या दृष्टीने एकाच जातीची होती. कासाराला कुणी सायकलीची चौकट जोडायला सांगितली नाही, हे खरे. पण टाकणखार, स्वच्छ केलेली फट आणि धातूच्या रंगावरून तापमान ओळखणारी नजर त्याच्याकडे होती, त्यामुळे इथे त्या कामाची तयारी नव्हती असे म्हणता येत नाही.

मग दोन नव्या गोष्टी आल्या. 1903 साली फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलिनची ज्योत वापरात आणली, आणि त्याच दशकात स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी आवरण असलेला वेल्डिंग रॉड काढला. भारतात 1935 पासून ऑक्सिजन आणि ॲसिटिलिनचा संघटित पुरवठा सुरू झाला, 1951 मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही रॉड बनवणारी कंपनी निघाली. पण गावात वेल्डिंग पोहोचवले ते विजेने. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावोगाव गेले, तसे भात्याच्या शेजारी तेलाच्या टाकीतले वेल्डिंग मशीन आले. वेल्डिंग रॉडच्या आवरणात फेरोमँगनीज असते. ते वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन ओढून घेते आणि सांध्यात पोकळ्या राहू देत नाही. डोंगरी बुजरुक आणि चिखला या भंडारा जिल्ह्यातल्या खाणी मँगनीजच्याच, आणि मॉइल ही कंपनी ज्या सिंडिकेटपासून सुरू झाली ते 1896 सालचे. जिल्ह्याने सव्वाशे वर्षे जगाच्या पोलादाला हे खनिज पुरवले. गावच्या कारागिराच्या हाती ते परत आले ते एका काडीच्या आवरणातून.

मोटारसायकल त्याच सुमारास आली. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड सुरू झाली, साठच्या दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत निघाली आणि तिने खेड्याचा रस्ता धरला, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि शेतकऱ्याच्या खिशाला पेट्रोल परवडू लागले. गाडी आल्यावर तिच्याकडून काय हवे हे कारखान्याने नाही, शेतीने ठरवले. धानाच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लागणारी लोखंडी पिंजऱ्याची चाके, ज्यांना केज व्हील म्हणतात, गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात त्या त्या ट्रॅक्टरच्या चाकाला जुळवून बनतात. तोच कारागीर तेच ग्राइंडर आणि तोच होल्डर घेऊन मोटारसायकलचा कॅरिअर करतो. हे भंडाऱ्यापुरतेच नाही. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी 1994 मध्ये बुलेटच्या मागच्या भागाला दोन चाकांची जोड देऊन तिच्यावर वखर आणि पेरणीयंत्र चालवले. ती 'बुलेट सांती' पुढे पेटंटपर्यंत गेली. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी सायकलीच्या पुढच्या चाकातून आणि हँडलमधून हातकोळपे बनवले. या दोघांनाही कुणी आकृती दिली नव्हती. शेत, बैलाची किंमत आणि हाताशी असलेले वाहन यांतून मापे ठरली.

मराठी वाचकाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण इथे होईलच. 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली, मग कडबा कापायचे यंत्र, 1903 मध्ये लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्याला तो नांगर विकायला त्यांना वेळ लागला. दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याचे हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण. पण ते अर्धेच माझ्या म्हणण्याच्या बाजूने आहे, हेही सांगायला हवे. किर्लोस्करांचा नांगर सुट्या भागांचा होता. त्याचा फाळ झिजला तर कारखान्याचा दुसरा फाळ बोल्टने लागे, लोहाराकडे जावे लागत नसे. कारखाना वाढला तसे मापाचे काम आकसले.

इथून पहिला आक्षेप उभा राहतो. भंडारा जिल्ह्यात धातूचे मोठे उद्योग आहेत: गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना, जिथे वाहनउद्योगासाठी खास पोलादाच्या सळया बनतात. मग गावातल्या वेल्डरचे कौशल्य तिथूनच आलेले नाही कशावरून? आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा फिटर अभ्यासक्रम हा या कारागिराचा खरा पिता नाही काय? यातला मोठा भाग मी मान्य करतो. मोजपट्टी, व्हर्निअर, आकृती वाचणे आणि जिग ही कारखान्याची आणि आयटीआयची देणगी आहे. दोन बाजूंच्या कॅनच्या चौकटी एकसारख्या व्हायच्या असतील तर लोखंडी पाटीवर खुंट्या ठोकून केलेला जिग लागतो, आणि तो लोहाराच्या परंपरेत नव्हता. पण कारखाना जे शिकवतो ते हजारावा नग पहिल्यासारखा करणे. समोर आलेल्या, कुणी आधी न मोजलेल्या वस्तूला जुळणारा एकच नग करणे तो शिकवत नाही, त्याला त्याची गरजच नसते. शिवाय मोठा उद्योग येईल तेव्हा कौशल्य येईल, या आशेचे काय झाले तेही साकोली तालुक्यानेच पाहिले आहे. मुंडीपारला भेलचा फॅब्रिकेशन प्रकल्प होणार म्हणून 2013 मध्ये भूमिपूजन झाले, जमिनी गेल्या, आणि प्रकल्प रखडला. त्या वर्षांतही आसपासच्या गावांतली वेल्डिंगची दुकाने चालूच होती. त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोहार आणि कासार यांचा वारसा सांगताना आपण बलुतेदारीचे गोडवे गातो आहोत का? बलुते ही केवळ मोबदल्याची रीत नव्हती, बंधनही होते. लोहाराला काम नाकारता येत नसे, धान्य शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि त्याच्या मर्जीवर मिळे, विद्या घराबाहेर जात नसे आणि घरातल्या मुलाला दुसरीकडे जाता येत नसे. पितळेच्या धंद्याची गत तर डोळ्यांसमोर आहे. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात आले आणि कासारांच्या हातचे काम गेले, त्यांच्यासाठी परंपरेचा अभिमान हा जेवण नव्हता. म्हणून हा वारसा रक्ताचा नाही, कामाचा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. वेल्डिंगचे मशीन विकत घेता येते, जात विचारत नाही, आणि आयटीआयमध्ये कुणालाही शिकता येते, हा बदल चांगलाच झाला. आज फॅब्रिकेशनच्या दुकानात बसलेला तरुण लोहाराचा वंशज असेल किंवा नसेल, पण चाकाचा घेर मोजून पट्टी कापणाऱ्या माणसाचा तो धंद्यातला वारस आहेच. जुन्या व्यवस्थेतून घ्यायचे ते ज्ञान. तिच्यातली सक्ती गेली ते बरे झाले.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि कायद्याचा. धाव निसटली तर बैलगाडी थांबते. साठच्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलचा सांधा निसटला तर माणूस जातो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांपासून, म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रूपापासून, वाहन बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा घातली. चौकट कापणे, लांब करणे, पुढचा फोर्क बदलणे हे म्हणूनच हौशी हातांनी रस्त्यावरच्या गाडीवर करायचे काम नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्यासारख्यांनी कस्टम मोटारसायकलचे नाव देशभर केले, पण ती वाट वेगळी, भांडवल वेगळे. मात्र या आक्षेपातून मापाचे काम बेकायदा ठरत नाही. मोटार वाहन नियमांतला 123 वा नियमच सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत असे आच्छादन हवे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हे. कॅरिअर, गार्ड, कॅनची चौकट, अवजारांच्या पेटीचा टेकू, तुटलेल्या स्टँडची जोड, एवढ्यात एका कारागिराचे आयुष्यभराचे काम आहे. दिव्यांग चालकासाठी बाजूची चाके लावणे हे त्याहून मोलाचे, पण ते परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने आणि पुस्तकात नोंद करूनच. माझ्या मते इतिहासही इथे कायद्याच्या बाजूला उभा राहतो. लोहाराची सगळी विद्या चाकाला जुळवून घेण्याची होती, चाक बदलण्याची नव्हती.

आता सुरुवातीचा प्रश्न. इतिहास वाचून पाहिला तर पायऱ्यांचा क्रम आपोआप ठरतो: आधी माप, मग वाकवणे, मग जोडणे. बहुतेक नवशिके उलट क्रमाने जातात, थेट मशीन विकत घेतात आणि पहिल्या दिवशी ठिणग्या उडवतात. शिंपी जसा कापड कापण्याआधी माप घेतो, तसा ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचा करून गाडीवर लावून पाहावा. चाक पूर्ण वर-खाली होऊन कुठे घासते, सायलेन्सरची उष्णता कुठे लागते, बोल्टला पाना कुठून जाईल हे पुठ्ठ्यावरच कळते. मग साधी मऊ पोलादाची तीन मिलिमीटरची पट्टी. ती व्हाइसमध्ये धरून वाकवायला शिकावे, बाहेरच्या कडेला धातू ताणला जातो आणि वाकाची त्रिज्या फार लहान घेतली तर तिथेच पुढे तडा येतो, हे ओळखावे. नळी वाकवायची असेल तर आत कोरडी वाळू ठासून दोन्ही टोके बंद करून तापवण्याची जुनी युक्ती अजून चालते. वाळू मात्र पूर्ण कोरडी हवी, ओलसर असेल तर वाफेच्या दाबाने टोकाची डाटणी गोळीसारखी सुटते. वेल्डिंगला अडीच मिलिमीटरचा 6013 जातीचा रॉड आणि साधारण 60 ते 90 अँपिअरचा प्रवाह पुरतो. आधी चारही कोपऱ्यांना टाके मारून गाडीवर लावून पाहावे, मगच पूर्ण शिवण घालावी, कारण थंड होताना धातू आपल्याकडे ओढतो. धाव आवळून आऱ्यांना घट्ट करणारी ताकद इथे उलटी काम करते आणि सरळ चौकट वाकडी करते. ज्याला धावेचे गणित समजले, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

काही कामे नवशिक्याने नाकारायची असतात, आणि नाकारणे हेही शिकण्यातच येते. रिकामी दिसणारी पेट्रोल टाकी कधीच रिकामी नसते. तिच्यातली वाफ ठिणगीने स्फोट करते. जस्त चढवलेल्या नळीवर वेल्डिंग केले तर जस्ताच्या धुराने ताप भरतो, म्हणून सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढायचे आणि काम उघड्यावर करायचे. काळी काच न लावता क्षणभर ज्योत पाहिली तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. आजच्या गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवून ठेवायची, नाहीतर इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जळते. शक्यतो भाग गाडीवरून काढून टेबलावरच जोडायचा. हँडलच्या मानेजवळच्या चौकटीला तडा दिसला तर तो भरून द्यायचा नाही, गाडी कंपनीच्या सेवाकेंद्रात पाठवायची. गिऱ्हाईक रागावले तरी.

या कारागिरीकडे शासन कसे पाहते ते शेवटी तपासण्यासारखे आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक धंदे आहेत. त्यांत लोहार आहे, हातोडी आणि अवजारे बनवणारा आहे, कुलूप बनवणाराही आहे. पाच ते सात दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज अशी तिची रचना. पितळेचा पत्रा घडवणारा कासार त्या यादीत नाही, वेल्डर नाही. वेल्डर आयटीआयच्या वहीत, लोहार परंपरेच्या वहीत, आणि कासार कोणत्याच नाही. या वाटणीमुळे लोहाराच्या प्रशिक्षणात वेल्डिंगचा सांधा येत नाही, वेल्डरच्या अभ्यासक्रमात पत्रा ठोकण्याची आणि तापवून नरम करण्याची युक्ती येत नाही, आणि मोटारसायकलचा मडगार्ड करायला तर दोन्ही लागतात. जिल्ह्याच्या आयटीआयने भंडाऱ्यातल्या उरलेल्या पितळी कारागिरांपैकी कुणाला तरी आठवड्यातून एक दिवस पाहुणा शिक्षक म्हणून बोलवावे, आणि वेल्डर अभ्यासक्रमाच्या मुलांना वर्षाअखेरीची परीक्षा म्हणून ठरावीक नमुन्याचा टी-सांधा न देता समोर उभ्या केलेल्या एका जुन्या गाडीचे साडी गार्ड करायला सांगावे: माप घेऊन, पुठ्ठ्याचा नमुना करून, पट्टी वाकवून, टाके मारून, गाडीवर चढवून, आणि मग परीक्षकाने त्यावर पाय देऊन.